बेदाण्याच्या ड्रायरवर काम करायचंय, छोट्या वर्कशॉपला सरकारी संशोधन अनुदान मिळतं का?

तासगावचा फिटर

नमस्कार मंडळी,

तासगावजवळ माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. बेदाण्याची यंत्रं बनवतो. काडी काढायचं, धुवायचं, प्रतवारीची चाळण, असं सगळं. मला धरून सहा जण. प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीची जुनी फर्म. उद्यम नोंदणी आहे, जीएसटी आहे. शिक्षण मेकॅनिकलचा डिप्लोमा.

इकडचं माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. ऊन-वारा साथ देत असेल तर पंधरा-वीस दिवसांत माल झाडायला येतो. चार किलो द्राक्षाला साधारण एक किलो बेदाणा पडतो. हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, आणि नेमका त्याच वेळी अवकाळी येतो. पाऊस नको, नुसतं चार दिवस आभाळ राहिलं तरी माल काळा पडतो. हिरव्या मालाला जो दर मिळतो त्याच्या जवळपासही काळ्याला मिळत नाही.

म्हणून मी शेवटच्या टप्प्यासाठी एक ड्रायर केलाय. बोगद्यासारखा आहे, आत ट्रॉलीवर जाळ्या, मागे ब्लोअर. दिवसा सोलर एअर हीटर, रात्री किंवा ढगाळ असेल तर छाटणीच्या काड्यांची भट्टी. मधे हीट एक्स्चेंजर आहे, धूर मालाला लागत नाही. गेल्या हंगामात दोन शेतकऱ्यांकडे चालवला. एकाचा माल झकास निघाला. दुसऱ्याचा तांबूस झाला. का झाला ते अजून कळलेलं नाही.

आता यावर नीट काम करायचं तर पैसा लागतो. एक सल्लागार भेटले. म्हणाले, संशोधन अनुदान मिळवून देतो, अर्ज लिहायचे आगाऊ पैसे आणि मंजूर झाल्यावर दहा टक्के. त्यांनी अर्जाची सुरुवात लिहून पाठवलीय, जशीच्या तशी देतो:

«आमच्या अत्याधुनिक, पर्यावरणपूरक सोलर-बायोमास हायब्रिड ड्रायरमुळे द्राक्ष उत्पादकांच्या उत्पन्नात क्रांतिकारक वाढ होणार असून आत्मनिर्भर भारताच्या दिशेने हे महत्त्वाचे पाऊल ठरेल. चाचण्या यशस्वी झाल्या आहेत.»

तांबूस मालाचं लिहू नका म्हणतात, लिहिलं तर अर्ज बाद होईल. खरंच असं असतं का? आणि माझ्यासारख्याला हे अनुदान मिळतं का, की पीएचडी आणि आयआयटीवाल्यांसाठीच असतं? कोणी घेतलं असेल तर सांगा.

जुना खेळाडू

मिळतं, पण त्यात पडू नका. माझ्या मेहुण्याने केला होता प्रयत्न. दर महिन्याला नवीन कागद. त्यापेक्षा मुद्रा कर्ज काढा, मशीन विका, मोकळे व्हा. आणि त्या दहा टक्केवाल्याला आधी दारातून बाहेर काढा.

मापात पाप

जुना खेळाडू यांचं शेवटचं वाक्य मान्य, बाकीचं नाही.

फिटरदादा, तांबूस माल अर्जात लिहायचाच. पहिल्याच पानावर, ठळक. तुमच्याकडे अनुदान मागण्याजोगं जे काही आहे ते तेवढंच आहे.

माझी ओळख म्हणजे भोसरीत धान्याचा ओलावा मोजायची मीटरं बनवते. आमचा पहिला प्रोटोटाइप सरकारी पैशातून झाला. त्यानंतर एका इनक्युबेटरने, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेने, अर्जांच्या छाननी समितीवर बसवलं, अजून अधूनमधून बोलावतात. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. तुमच्या सल्लागारांनी लिहिलेला परिच्छेद तिथे इतक्या वेळा वाचलाय की नुसत्या ‘अत्याधुनिक’वरून पुढचं वाक्य सांगेन. समितीतला माणूस काय म्हणतो माहितीये? ‘चाचण्या यशस्वी आहेत ना, मग विका की. आमच्याकडे कशाला आलात?’ आणि त्याचं बरोबर असतं. चालणारं यंत्र करून विकायला बँक आहे. ज्या गोष्टीचं उत्तर बँकेलाही ठाऊक नाही, तुम्हालाही नाही, आणि ते शोधण्यात पैसे बुडण्याची शक्यता आहे, तिच्यासाठी सरकार हा पैसा देतं. सगळं ठाऊक असल्याचं लिहिलंत की तुमचा अर्ज कर्जाचा झाला.

आता तुमच्या मालाकडे या. बेदाणा तांबूस व्हायला दोन वेगळी कारणं असू शकतात, आणि दोन्हींचा उपाय एकमेकांच्या उलट आहे. एक, माल कोमट आणि ओला असा फार वेळ राहिला. द्राक्षाच्या सालीत पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. साल कुठे चिरली, दबली, की हवेशी गाठ पडून ते रंग काळवंडवतं. सफरचंद कापून ठेवल्यावर होतं तेच. याला उपाय म्हणजे लवकर सुकवा, म्हणजे उष्णता किंवा वारा वाढवा. दोन, उष्णता जास्त झाली आणि साखर तपकिरी पडली. याला उपाय म्हणजे उष्णता कमी करा. तुमच्या दुसऱ्या शेतकऱ्याकडे यातलं कोणतं झालं? आत जाताना दोघांच्या मालात ओलावा किती होता? मोजला होता का? नसणार. मोजायचं साधनच जवळ नव्हतं, त्यात तुमचा दोष नाही.

मग अर्ज असा सुरू होतो. मी पटकन लिहिलाय, तुम्ही तुमच्या भाषेत बसवा:

«शेडमधला बेदाणा अर्धवट सुकल्यावर ड्रायरमध्ये घेतला तर ढगाळ हवामानातही माल वाचवता येईल असा आमचा अंदाज आहे. दोन शेतकऱ्यांकडे चाचणी घेतली. एकाच्या मालाचा रंग टिकला, दुसऱ्याचा तांबूस झाला. आत जाताना मालात किती ओलावा असावा आणि त्याला किती तापमान द्यावं, म्हणजे तो १५ ते १६ टक्के ओलाव्यावर येईल आणि रंगही टिकेल, हे आम्हाला माहीत नाही. ते शोधणं हा या प्रकल्पाचा उद्देश आहे.»

यात क्रांती नाही, आत्मनिर्भर नाही. पण वाचणाऱ्याला दुसऱ्या मिनिटाला कळतं की हा माणूस कशाच्या मागे आहे.

पुढचं आपोआप येतं. तापमानं तीन घ्या, ४५, ५०, ५५ अंश. आत जातानाचा ओलावाही तीन पातळ्यांवर घ्या. प्रत्येक जोडी तीनदा. म्हणजे सत्तावीस बॅच, ट्रॉलीच्या एकेका जाळीएवढ्या. आणि प्रत्येक वेळी त्याच लॉटमधला थोडा माल शेडमध्येच राहू द्यायचा, तुलनेला. हे शेवटचं विसरू नका, निम्मे अर्ज इथे गळतात. ‘आमच्या ड्रायरमध्ये रंग टिकला’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, शेडमध्ये टिकला नसता कशावरून?

मोजायचं काय? ओलावा, रंग, आणि गंधकाची धुरी देणारा शेतकरी असेल तर गंधकाचा उरलेला अंश. ओलाव्याबद्दल हे माझं पोटापाण्याचं काम म्हणून सांगते, धान्याचं मीटर बेदाण्याला लावू नका. साखरेमुळे आकडा भलतीकडे जातो. आणि प्रयोगशाळेत माल दिलात तर आधी विचारा कोणत्या ओव्हनमध्ये सुकवणार. १०५ अंशांच्या साध्या ओव्हनमध्ये साखर मोडून वजन घटतं आणि ओलावा आहे त्याहून जास्त दिसतो. व्हॅक्यूम ओव्हन पाहिजे, ७० अंशांचा. अर्जात एवढी एक ओळ असली की समितीतला अन्नतंत्रवाला खुर्चीत सावरून बसतो.

आणि एक रकाना बहुतेक जण कोरा सोडतात: जमलं नाही तर? तिथे लिहा, की तीनही तापमानांना रंग टिकला नाही तर ड्रायर हिरव्या मालासाठी उपयोगाचा नाही हे सिद्ध होईल, आणि आम्ही तो काळ्या पडलेल्या मालाची बुरशी रोखण्यापुरता वापरून बघू. असं लिहिल्याने अर्ज पडलेला मी पाहिलेला नाही.

पीएचडी लागत नाही. पण पीएचडी असलेल्या कोणाचं तरी पत्र लागतं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आयसीएआरचं, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेचं. तिकडे जा. सांगलीत वालचंद कॉलेज आहे, हीट एक्स्चेंजरची आकडेमोड तपासून द्यायला तिथला एखादा प्राध्यापक तयार होईल. पत्रात नुसत्या शुभेच्छा नकोत. ‘आम्ही अमुक चाचण्या करून देऊ, इतक्या खर्चात’ असं हवं.

कुठे अर्ज करायचा ते थोडक्यात. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना आहे, प्रोटोटाइपला १० लाखांपर्यंत. अर्ज इनक्युबेटरमार्फत जातो, आणि हातात धरता येईल अशी वस्तू लागते, नुसतं ॲप चालत नाही. तुमचं बरोबर बसतं. दुसरी शेतीची, राष्ट्रीय कृषी विकास योजनेतली. कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत, पुढच्या टप्प्यावर २५ लाखांपर्यंत, थोडा हिस्सा आपला घालावा लागतो. तिच्या नॉलेज पार्टनरपैकी, म्हणजे ती राबवणाऱ्या संस्थांपैकी, एक धारवाडचं कृषी विद्यापीठ आहे, ते तुम्हाला पुण्याइतकंच पडेल. तिसरी डीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची प्रिझम योजना, ती व्यक्ती, स्टार्टअप आणि एमएसएमई तिघांनाही आहे. बायरॅक या केंद्राच्या संस्थेची बिग नावाची योजना तुम्ही कुठेतरी ऐकाल, ५० लाखांची. ती जैवतंत्रज्ञानाची आहे, तुमच्या ड्रायरला ओढूनताणून बसवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही. तुमचा कच्चा माल वर्षातून तीन महिने मिळतो. अर्जापासून पहिला हप्ता येईपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात: छाननी, सादरीकरण, मग करारनामा, मग बँकेचं खातं. दिवाळीत अर्ज केलात तर पैसे मे-जूनमध्ये येतील, आणि तेव्हा तासगावात द्राक्ष नसतं. दीड वर्षाच्या प्रकल्पातलं पाऊण वर्ष असंच उडालं. त्यामुळे फेब्रुवारीत काम सुरू करायचं तर जूनपर्यंत अर्ज आत गेला पाहिजे. आणि कामाच्या वेळापत्रकात हंगामाचे महिने स्वच्छ दाखवा. समितीत कोणीतरी दिल्लीचा असतो, त्याला वाटतं द्राक्ष बाजारात कधीही मिळतं.

जुना खेळाडू, कागद लागतात हे खरं. पैसा जनतेचा आहे, लागणारच.

तासगावचा फिटर

ताई, दोनदा वाचलं. खरं सांगतो, आतला ओलावा मोजला नव्हता. शेतकरी हातात मूठ दाबून सांगतो, आम्ही त्यावर चालतो.

दोन-तीन शंका. एक, प्रोप्रायटरशिपवर चालेल का, की कंपनी काढू? दोन, ड्रायरचा व्हिडिओ मी यूट्यूबवर टाकलाय, बरेच फोन आले त्यावर. त्याने काही बिघडतं का? तीन, सादरीकरण इंग्रजीत असतं का? मला वाचता येतं, पण पाच माणसांसमोर बोलायचं म्हटलं की गाडी अडते.

ताळेबंद

पहिल्या शंकेला मी उत्तर देतो. व्यवसायाने सीए, अनुदानं घेणाऱ्या काही छोट्या कंपन्यांची पुस्तकं बघतो.

डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाची, स्टार्टअप मान्यता प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी अशांना मिळते, प्रोप्रायटरशिपला नाही. म्हणून लोक घाईने नवी कंपनी काढतात आणि जुनं वर्कशॉप उचलून तिच्यात टाकतात. तसं करू नका. चालू धंद्याचे तुकडे करून किंवा त्याची फेरमांडणी करून काढलेली कंपनी नियमात स्टार्टअप धरली जात नाही. वर्कशॉप आहे तिथे राहू दे. ड्रायरचं काम खरोखर नवं असेल तर त्यापुरती वेगळी कंपनी काढा, वेगळं खातं, वेगळी पुस्तकं. पण आधी ज्या योजनेत अर्ज करताय तिथे विचारा. काही ठिकाणी व्यक्ती म्हणून अर्ज चालतो आणि कंपनी निवड झाल्यावर काढली तरी पुरते. उगाच आधीपासून वार्षिक विवरणपत्रांचा खर्च कशाला?

नवी कंपनी काढलीत तर एक अडचण येईल. ड्रायर बनवणार कोण? तुमचंच वर्कशॉप. म्हणजे अनुदानाचा पैसा तुमच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात. हे लपवू नका, अर्जातच लिहा, आणि दर मालाच्या व मजुरीच्या मूळ खर्चाचा लावा, नफा न धरता. बाहेरच्या दोन फॅब्रिकेटरची कोटेशनं सोबत जोडा, म्हणजे तुमचा दर स्वस्त असल्याचं कागदावर दिसेल.

कराचं सांगतो, कारण हे शेवटी कळतं आणि मग माणूस चक्रावतो. २०१५च्या वित्त कायद्यापासून सरकारी अनुदान उत्पन्नाच्या व्याख्येत आलंय. यंत्रासाठी मिळालेला भाग त्या यंत्राच्या किमतीतून वजा होतो आणि घसारा उरलेल्या रकमेवर मिळतो. बाकीचा भाग उत्पन्न, त्यासमोर खर्च. वर्षअखेरीला हप्ता आला आणि खर्च पुढच्या वर्षी झाला तर गुंता होतो, तुमच्या सीएला आधीच बसवा. जीएसटीचंही तसंच. ब्लोअरवर भरलेल्या कराचं क्रेडिट घेतलंत तर तो कर अनुदानाच्या खर्चात दाखवायचा नाही.

खातं वेगळं लागेल, बँकेचा त्यावर कोणताही बोजा नसलेलं. केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे अनुदानावर पडलेलं व्याज सरकारजमा करावं लागतं. ‘आमच्या खात्यातलं व्याज आमचं’ असं धरून चालणारे मी पाहिलेत, मग उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच लागल्याचा दाखला, अडतं. तेच प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. अनुदानातून घेतलेलं यंत्र परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही.

मापात पाप

ताळेबंद यांनी माझं काम हलकं केलं. उरलेल्या दोन शंका घेते.

यूट्यूब. हो, बिघडतं. जे जगाला दाखवलंत ते पेटंटच्या दृष्टीने नवं राहत नाही. पण घाबरू नका. व्हिडिओ परत लावून बघा आणि त्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही ते कागदावर दोन रकान्यांत लिहा. बोगदा, ट्रॉली, भट्टी दिसत असेल. ते तसंही कोणी ना कोणी आधी केलेलं सापडेलच. ढग आल्यावर सोलरवरून भट्टीवर कसं जायचं, वारा कधी कमी करायचा, हे आतलं नियंत्रण व्हिडिओत नसेल तर तुमचं शिल्लक आहे. खरा जीवही त्यातच आहे. पुढचा व्हिडिओ टाकण्याआधी आणि कृषी प्रदर्शनात स्टॉल लावण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकून द्या. ऑनलाइन भरला तर व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना सरकारी फी १६०० रुपये आहे. मग पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, आणि तेवढ्यात तुमचा एक हंगाम बसतो. एजंटची फी वेगळी, ती घासाघीस करून घ्या. उद्यम नोंदणी आहेच, तेव्हा एमएसएमई मंत्रालयाच्या इनोव्हेटिव्ह योजनेत भारतीय पेटंट मिळाल्यावर १ लाखापर्यंत खर्च परत मिळतो, तेही ध्यानात ठेवा.

आणि हो, आलेल्या फोनांची यादी ठेवलीय का? नाव, गाव, किती टनाची शेड. ती यादी ‘बाजारपेठ’ या रकान्यात जोडा. त्या रकान्यात लोक कुठल्यातरी अहवालातले जागतिक बाजाराचे अब्जावधी डॉलर टाकतात. त्यापेक्षा कवठे महांकाळ आणि मिरजेच्या शेडवाल्यांची यादी शंभर पटीने वजनदार.

इंग्रजी. स्लाइड इंग्रजीत ठेवा, शब्द कमी, आकडे जास्त. बोला मराठीत किंवा हिंदीत. सुरुवातीलाच सांगून टाका, ‘मी मराठीत बोलतो, अडलं तर हिंदीत सांगतो.’ त्यावरून समितीत कोणी आडवं आलेलं मला आठवत नाही. उलट, इंग्रजी पाठ करून आलेला माणूस पहिल्या आडव्या प्रश्नाला गडबडतो. तुम्हाला हमखास येणारे प्रश्न सांगते, तयारी करून जा. काड्या किलोला किती उष्णता देतात आणि एका बॅचला किती किलो लागतात? रात्री लाइट गेली तर ब्लोअरचं काय? एका शेतकऱ्याला हा ड्रायर केवढ्याला पडणार, आणि वर्षातले तीन महिने सोडले तर तो त्यात काय सुकवणार? हळद? मिरची? या शेवटच्याचं उत्तर नसेल तर नाही म्हणा. ‘विचार केलेला नाही, या प्रकल्पात फक्त बेदाणा’ हेही चालतं. सगळं सुकवतो असं सांगायला जाऊ नका.

दहा टक्केवाल्या साहेबांबद्दल. बहुतेक करारनाम्यांत खर्चाची शीर्षकं ठरलेली असतात: यंत्रसामग्री, कच्चा माल, चाचण्या, माणसं, प्रवास. अर्ज मिळवून देण्याची दलाली हे शीर्षक मला अजून कुठे दिसलेलं नाही. म्हणजे ते दहा टक्के तुमच्या घरातून जाणार.

शेडवाला कवठे महांकाळ

माझी स्वतःची शेड आहे. ताईंचा सत्तावीस बॅचचा बेत वाचून हसू आलं. कुठला शेतकरी प्रयोगाला माल देणार? एकाचा तांबूस झालाच आहे, ती बातमी गावभर झाली असणार. फिटर भाऊ, माल विकत घ्या आणि मग काय ते करा. आणि एकाच बागेतला घ्या. सोनाका आणि माणिक चमन हे दोन वाण एकत्र केलेत तर रंगाचा हिशोबच लागणार नाही. सालीत फरक असतो. आणि बुडवण्यातही फरक. आमच्याकडे कोणी डिपिंग ऑइल जरा जास्त घालतो, कोणी दोनदा बुडवतो. तेही लिहून ठेवा.

माझ्या शेडची एक कोपऱ्याची जाळी देतो मी तुलनेच्या मालाला. भाडं नको. पण आकडे मला दाखवायचे.

मापात पाप

शेडवाले दादा, हे तुम्ही समितीपेक्षा चांगलं सांगितलंत. फिटरदादा, वाण एकच आणि बुडवण्याचं प्रमाण एकच, लिहून घ्या. २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल लिटरला, हे जे पुस्तकी प्रमाण आहे तेच धरा, म्हणजे वाद नको. द्राक्षाचा खर्च कच्च्या मालात टाका, हक्काने. आणि दादांनी जाळी देतो म्हटलंय ते त्यांच्याकडून एका कागदावर सहीने घ्या, अर्जाला जोडता येईल.

तासगावचा फिटर

शेडवाले भाऊ, आकडे दाखवीन, शब्द दिला. येत्या आठवड्यात तिकडे चक्कर मारतो.

ताई, शेवटचं एक. चाचणीतला बेदाणा चांगला निघाला तर तो विकायचा का? की फेकायचा? द्राक्षं अनुदानाच्या पैशाची, म्हणून विचारतो.

ताळेबंद

मी सांगतो. फेकू नका. ज्या नमुन्यांची तपासणी झाली ते सोडून उरलेला विका, पक्क्या बिलाने, आणि आलेली रक्कम प्रकल्पाच्या त्याच वेगळ्या खात्यात भरा. खर्चाच्या विवरणात ‘चाचणी मालाच्या विक्रीतून जमा’ म्हणून ओळ दाखवा. ती रक्कम प्रकल्पात वापरायची की परत करायची हे करारनाम्यात असतं. नसेल तर इनक्युबेटरला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवरचं उत्तर लेखापरीक्षकाला दाखवता येत नाही.

मापात पाप

आणि तांबूस झालेल्या बॅचचंही बिल ठेवा. त्याला कमी दर मिळाला, तर दोन बिलांतला फरक हाच तुमच्या अहवालातला सगळ्यात सोपा तक्ता होईल. अर्जाचा मसुदा झाला की इथे टाका, किंवा मला व्यक्तिगत निरोप करा. बजेटचं पान आधी पाठवा, तिथेच जास्त खाडाखोड होईल.